पेढीचा क्रमांक कोणाच्या मालकीचा?

व्यापाराचे भांडवल केवळ तिजोरीत नसते. पेढीचे नाव, तिची जागा, तिचा शिक्का आणि तिने दिलेला शब्द हेही भांडवलच होय, ही गोष्ट आपल्या वाडवडिलांना पुरती ठाऊक होती. पुढे या मालिकेत आणखी एका गोष्टीची भर पडली, ती म्हणजे पेढीचा टेलिफोन क्रमांक. बिलावर, पोत्यावरच्या छाप्यावर, दिवाळीत वाटलेल्या दिनदर्शिकेवर आणि त्याहून अधिक म्हणजे गिऱ्हाइकाच्या स्मरणात हा क्रमांक वर्षानुवर्षे राहिलेला असतो. गादीवर बापाच्या जागी मुलगा बसला, दुकान एका पेठेतून दुसऱ्या पेठेत गेले, तरी क्रमांक तोच असला की सांगलीच्या हळदीच्या अडत्याला, निपाणीच्या तंबाखूच्या व्यापाऱ्याला आणि गोव्यातील जुन्या गिऱ्हाइकाला पेढी तीच असल्याची खूण पटते.

हे भांडवल आज आपल्या हातून नकळत निसटत चालले आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. मोबाईल हाती आल्यावर अनेक पेढ्यांनी टेबलावरचा टेलिफोन काढून टाकला. मागणी मुनिमाच्या मोबाईलवर येऊ लागली, उधारीचा तगादा वसुलीच्या माणसाच्या मोबाईलवरून जाऊ लागला आणि गोदामाचा कारभार तिसऱ्याच्याच क्रमांकावर चालू लागला. हे सर्व सोयीचे होते, यात शंका नाही. परंतु तो मुनीम उद्या दुसऱ्या पेढीत गेला, किंवा त्याने स्वतःचे दुकान थाटले, तर त्याच्याबरोबर काय जाते याचा विचार आपण केला आहे काय? गिऱ्हाइकांच्या फोनमध्ये पेढीच्या नावापुढे त्याचाच क्रमांक असतो. पेढीचे दार उघडे राहते, पण त्या दाराशी येणारी वाट दुसरीकडे वळते. यात त्या नोकराला दोष देता येणार नाही. क्रमांक त्याचाच होता आणि तो त्याने आपल्याबरोबर नेला. दोष आहे तो पेढीने स्वतःचा क्रमांक न राखण्याचा.

इंटरनेटवर चालणाऱ्या टेलिफोन यंत्रणेचा प्रश्न सभासदांनी या दृष्टीने पाहावा, अशी आमची विनंती आहे. विक्रेते येतात तेव्हा ते स्वस्ताईचे आणि नानाविध सोयींचे गुणगान करतात. त्यांत तथ्यही असते. पण आमच्या मते या यंत्रणेचे खरे मोल निराळे आहे. पेढीचा क्रमांक एकच राहतो आणि तो गादीवर, गोदामात, शाखेत किंवा प्रवासातील माणसाच्या मोबाईलवर, जिथे हवा तिथे वाजविता येतो. माणूस बदलला तरी क्रमांक पेढीकडेच राहतो. मात्र चुकीची यंत्रणा घेतली तर मुनिमाच्या खिशातील क्रमांक काढून तो एखाद्या अपरिचित कंपनीच्या खिशात घातल्यासारखे होईल. म्हणून निवड कशी करावी, हे सांगण्यासाठी हा लेख.

प्रथम थोडा इतिहास पाहू. एके काळी परगावी बोलायचे म्हणजे ट्रंक कॉल नोंदवून तासन्‌तास वाट पाहावी लागे. १९६० साली कानपूर आणि लखनौ या शहरांदरम्यान थेट क्रमांक फिरवून बोलण्याची सोय देशात प्रथम झाली. १९८४ साली सी-डॉट ही संस्था स्थापन झाली, तिने घडविलेली एक्स्चेंजे खेडोपाडी पोचली आणि एसटीडीच्या पिवळ्या पाट्या चौकाचौकांत दिसू लागल्या. १९९५ साली मोबाईल सेवा आणि सार्वजनिक इंटरनेट या दोहोंचा देशात आरंभ झाला. इंटरनेटवरून बोलण्यास १ एप्रिल २००२ पासून मर्यादित मुभा मिळाली, आणि परवानाधारक कंपन्यांच्या इंटरनेट टेलिफोनवरून कोणत्याही मोबाईलला किंवा साध्या टेलिफोनला क्रमांक लावण्याचा मार्ग जून २०१८ मध्ये मोकळा झाला. म्हणजे ही वस्तू आता कायदेशीर आहे, रुळलेली आहे आणि मोठ्या कचेऱ्यांपुरती मर्यादित राहिलेली नाही.

किंबहुना आपल्यापैकी अनेकांकडे ती त्यांच्या नकळत येऊनही बसली आहे. तांब्याची तार काढून फायबरची जोडणी घेतली आणि त्याच पेटीला टेलिफोन जोडला, की तो आवाज इंटरनेटच्याच पद्धतीने वाहू लागतो. यातून एक मोठा फरक उत्पन्न झाला आहे. जुन्या टेलिफोनला वीज एक्स्चेंजमधूनच मिळे. तेथे ४८ व्होल्टच्या बॅटऱ्यांचा संच असे आणि तारेतून आवाजाबरोबर वीजही येई. त्यामुळे पेठेत अंधार असला तरी टेलिफोन वाजत असे. फायबर ही काचेची तार आहे. तिच्यातून प्रकाश जातो, वीज जात नाही. दुकानातील पेटीला वीज मिळाली नाही की टेलिफोन मुका होतो. पावसाळ्यात आपल्या भागात वीज किती वेळा जाते, हे सांगावयास नको. म्हणून यंत्रणा कोणतीही घ्या, फायबरची पेटी, राउटर आणि निदान एक टेलिफोन इन्व्हर्टरवर किंवा लहान यूपीएसवर ठेवणे ही पहिली अट समजावी. या उपकरणांना वीज फार थोडी लागते, त्यामुळे खर्चही अल्पच येतो.

आता यंत्रणेचे मर्म. आपण बोलू लागलो की आवाजाचे आकड्यांत रूपांतर होते आणि एका सेकंदाच्या बोलण्याचे साधारणपणे पन्नास तुकडे पडतात. प्रत्येक तुकड्यावर पत्ता लिहिलेला असतो. एकच माल पन्नास गाठोड्यांत बांधून तो एकामागून एक पन्नास लॉऱ्यांत रवाना करावा, तसा हा प्रकार आहे. सर्व लॉऱ्या क्रमाने व वेळेवर पोचल्या तर माल जसाच्या तसा उतरतो. एखादी वाटेत अडकली, एखादी हरवली, की शब्द तुटतात. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीनुसार एका बाजूचा विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत असला तर संभाषण सुखाने चालते. विलंब त्याहून बराच वाढला की दोघेही एकदम बोलू लागतात आणि भाव ठरविताना गोंधळ होतो.

यावरून एक गैरसमज दूर करता येईल. विक्रेता म्हणतो की इंटरनेटचा वेग वाढवून घ्या. परंतु चांगल्या प्रतीच्या एका संभाषणाला प्रत्येक दिशेने सुमारे ९० किलोबिट एवढाच वेग पुरतो. दहा माणसे एकाच वेळी बोलत असली तरी हिशेब १ मेगाबिटच्या आत राहतो. ज्याच्याकडे ५० मेगाबिटची जोडणी आहे त्याला वेगाची चिंता नको, स्थैर्याची हवी. दुकानातील कॅमेऱ्यांची चित्रे आणि संगणकावरील हिशेबाच्या प्रती त्याच वाटेने बाहेर जात असतील, तर आवाजाच्या लॉऱ्या त्यांच्या मागे खोळंबतात. आवाजाला पहिला मान देण्याची सोय बहुतेक चांगल्या राउटरमध्ये असते. ती बसविणाऱ्याकडून चालू करून घ्यावी. तसेच मुख्य जोडणी तुटल्यास काम अडू नये म्हणून दुसऱ्या कंपनीची जोडणी, निदान सिमवर चालणारा राउटर, हाताशी असावा.

निवडीचे मार्ग स्थूलमानाने तीन आहेत. पहिला मार्ग असा की परवानाधारक टेलिफोन कंपनीकडून फायबरवर क्रमांक घ्यावा, तो साध्या टेलिफोनला जोडावा आणि उचलला न गेल्यास पेढीच्याच नावावरील एका मोबाईलकडे वळवावा. एका दुकानाच्या, दोन-तीन माणसांच्या व्यवहाराला एवढे पुरेसे आहे. त्याहून अधिक घेण्याचा मोह टाळावा.

दुसरा मार्ग म्हणजे स्वतःचे छोटे एक्स्चेंज आपल्याच जागेत बसविणे. यासाठी लागणारी ॲस्टेरिस्क नावाची संगणक प्रणाली १९९९ सालापासून उपलब्ध आहे व ती विनामूल्य आहे. यात मासिक भाडे कमी, परंतु देखभाल आपल्या माथी. कारखाना, गोदाम आणि कचेरी एकाच आवारात असून हाताशी जाणता तंत्रज्ञ असेल, तर हा मार्ग किफायतशीर होय. अंतर्गत बोलणी आवारातच होत असल्यामुळे बाहेरचे इंटरनेट बंद पडले तरी गोदामाशी संपर्क राहतो.

तिसरा मार्ग क्लाऊडचा. येथे एक्स्चेंज कंपनीच्या जागेत असते. आपण दर माणशी भाडे भरतो आणि टेबलावरच्या टेलिफोनवरून, संगणकावरून किंवा मोबाईलमधील ॲपवरून बोलतो. बेळगावात पेढी, कोल्हापुरात शाखा आणि मडगावात मुलाचे दुकान, असा ज्यांचा विस्तार आहे त्यांना हा मार्ग सोयीचा आहे. तिन्ही ठिकाणे एकाच इंटरकॉमवर येतात. मात्र खर्चाचा हिशेब वर्षाचा करावा, महिन्याचा नव्हे. समजा, दर माणशी मासिक भाडे ४०० रुपये आणि माणसे आठ. वर्षाचे ३८,४०० रुपये झाले. त्यावर १८ टक्क्यांप्रमाणे ६,९१२ रुपये जीएसटी धरला, म्हणजे एकूण ४५,३१२ रुपये. जीएसटीची वजावट नियमित नोंदणी असलेल्यांना मिळते, कंपोझिशन योजनेतील सभासदांना मिळत नाही. शिवाय आठही माणसांना स्वतंत्र जोडणीची गरज आहे काय, हेही पाहावे. हमालांच्या मुकादमाला भाड्याची जोडणी देऊन काय साधणार?

मार्ग कोणताही असो, करारावर सही करण्यापूर्वी काही प्रश्नांची उत्तरे लेखी घ्यावीत. सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच की, क्रमांक कोणाच्या नावावर राहणार? पेढीच्या की मधल्या विक्रेत्याच्या? सेवा सोडली तर तो क्रमांक आपल्याला दुसरीकडे नेता येईल काय? मोबाईल क्रमांक एका कंपनीतून दुसरीत नेण्याची सोय २०११ सालापासून देशभर आहे. तीच सोय प्रत्येक प्रकारच्या क्रमांकाला आहे असे गृहीत धरू नये. आपल्या गावाचा संकेतांक असलेला क्रमांक मिळतो काय, हाही विचारण्याजोगा प्रश्न आहे. गिऱ्हाइकाला ०८३१ दिसले की बेळगाव आठवते, ०२३१ दिसले की कोल्हापूर. अनोळखी आकड्यांना लोक आजकाल फोनच उचलत नाहीत.

मोठे नाव म्हणजे चिरंतन सेवा, असेही समजू नये. इंटरनेटवरून बोलण्याची सवय जगाला ज्या सेवेने लावली ती स्काइप २००३ साली सुरू झाली आणि ५ मे २०२५ रोजी बंद करण्यात आली. दीडशे वर्षांहून अधिक चाललेली आपली तारसेवासुद्धा जुलै २०१३ मध्ये थांबली. सेवा येतात आणि जातात. पेढीला त्यांतून सुखरूप बाहेर पडता आले पाहिजे. म्हणून पहिल्याच वर्षी तीन वर्षांचे पैसे आगाऊ भरू नयेत. जुना क्रमांक तत्काळ बंद न करता निदान महिनाभर दोन्ही चालू ठेवावेत आणि भर बाजाराच्या वेळी, ऐन पावसात, वीज गेली असताना नव्या यंत्रणेची परीक्षा पाहावी.

कायद्याकडेही दुर्लक्ष करून चालणार नाही. परदेशी बोलणे अविश्वसनीय स्वस्त दरात देऊ करणारा माणूस आला तर त्याचा परवाना पाहावा. दूरसंचार अधिनियम २०२३ अन्वये परवानगीवाचून अशी सेवा पुरविणे हा गुन्हा असून त्यास तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा २ कोटी रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. अशा यंत्रांचा डबा आपल्या माळ्यावर भाड्याने ठेवू देणे म्हणजे विकतचे दुखणे होय. तसेच यंत्राकरवी शेकडो गिऱ्हाइकांना सणाच्या सवलतीचे फोन लावण्याचा मोह अनेकांना होतो. जाहिरातीच्या फोनसाठी २०१८ च्या विनियमांप्रमाणे रीतसर नोंदणी करावी लागते आणि १४० ने सुरू होणारे क्रमांक त्यासाठी ठरवून दिलेले आहेत. नियम मोडला तर ज्या क्रमांकासाठी एवढा खटाटोप केला तोच बंद होण्याची वेळ यायची.

चोरीचे भय नव्या रूपाने येते, तेही लक्षात घ्यावे. यंत्रणेचा परवलीचा शब्द सोपा ठेवला तर दूरचा चोर रात्री आपल्या एक्स्चेंजमध्ये शिरून परदेशी फोन लावतो आणि बिल पेढीच्या नावावर येते. परदेशाशी व्यवहार नसेल तर ती सोय मुळातच बंद करून घ्यावी, असेल तर खर्चाची मर्यादा बांधून घ्यावी. अंगठी, घड्याळ ठेवण्याइतकाच परवलीचा शब्दही जपून ठेवावा आणि नोकर सोडून गेला की त्याच दिवशी बदलावा.

संभाषण ध्वनिमुद्रित करण्याची सोय या यंत्रणांत असते. मागणी पंधरा पोत्यांची की पन्नासांची, असा वाद उत्पन्न झाला तर तिचा उपयोग होतो. परंतु समोरच्याला न सांगता त्याचा शब्द साठवून ठेवणे आपल्या बाजाराच्या रीतीला शोभत नाही. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी २०२३ साली कायदाही झालेला आहे. मुद्रण करावयाचे असेल तर आरंभीच तसे सांगावे आणि ठराविक दिवसांनी ते पुसून टाकावे. संकटसमयी लावावयाच्या ११२ किंवा १०८ या क्रमांकांसाठी मात्र नव्या यंत्रणेवर विसंबू नये. ॲपवरून केलेल्या फोनचे ठिकाण मदतनिसांना नेमके कळेलच, याची खात्री नसते. दुकानात सिमचा एक साधा मोबाईल सदैव असावा.

येथे काही वडीलधारे सभासद विचारतील की, व्हॉट्सॲप असताना हा उपद्व्याप कशासाठी? प्रश्न रास्त आहे. परंतु व्हॉट्सॲपचे खातेही एखाद्या क्रमांकाशीच बांधलेले असते. तो क्रमांक मुनिमाचा असेल, तर मागण्यांची सारी नोंद आणि गिऱ्हाइकांची यादीही त्याचीच झाली. व्यवसायासाठी असलेल्या व्हॉट्सॲपचे खाते साध्या टेलिफोनच्या क्रमांकावरही उघडता येते. पडताळणीचा आकडा फोनवरून ऐकविला जातो. म्हणजे पेढीचा एकच क्रमांक बोलण्यासही आणि संदेशासही वापरता येतो. दोन्ही गोष्टी परस्परांना पूरक आहेत.

दुसरा आक्षेप याहून अधिक वजनदार आहे. फोन लावला की यंत्र बोलते, 'यासाठी एक दाबा, त्यासाठी दोन दाबा' म्हणून गिऱ्हाइकाला फिरवीत राहते, आणि माणसाचा आवाज काही ऐकू येत नाही. या आक्षेपाशी आम्ही पूर्णतः सहमत आहोत. वीस वर्षांच्या गिऱ्हाइकाने फोन केला असता त्याला 'या शेठ, काय पाठवू?' असे ऐकावयाचे असते. बँकेची नक्कल पेढीने करू नये. यंत्राचे काम एवढेच असावे की दुकानाच्या वेळेत तीन घंटा होण्यापूर्वी तो फोन कोणा ना कोणा माणसाकडे पोचावा. स्वागताचे दोन शब्द ठेवायचेच असतील तर ते मराठीत आणि कानडीत, गोव्याच्या शाखेत कोंकणीत, घरच्याच एखाद्याच्या आवाजात असावेत. गिऱ्हाइकाच्या भाषेत बोलणे हे आपल्या सीमाभागातील व्यापाऱ्याचे जुनेच कसब आहे. ते यंत्राच्या स्वाधीन करण्याचे कारण नाही.

घरच्या मंडळींच्या दृष्टीनेही या यंत्रणेत एक लाभ आहे. पेढीचा फोन आज खिशात असतो, त्यामुळे तो सूर्यास्तापूर्वीच्या भोजनाच्या ताटावरही वाजतो आणि मुलांच्या अभ्यासाच्या वेळीही वाजतो. क्रमांक पेढीचा वेगळा झाला की त्याला वेळेचे बंधन घालता येते. दुकान बंद झाल्यावर आलेला निरोप नोंदविला जातो आणि सकाळी पहिल्या प्रहरी त्याला उत्तर देता येते. व्यापारात यामुळे खोट येते, असे आम्हांस वाटत नाही. उलट सकाळी आठवणीने केलेला फोन गिऱ्हाइकाला अधिक सुखावतो.

शेवटी एक सूचना. एकेका सभासदाने विक्रेत्याशी एकेकट्याने घासाघीस करण्यापेक्षा आपल्या संघाने दोन-तीन जाणत्या सभासदांची छोटी समिती नेमावी. तिने वर सांगितलेल्या प्रश्नांचा एक छापील तक्ता तयार करावा, सेवा देणाऱ्या कंपन्यांकडून त्याची लेखी उत्तरे मागवावीत आणि दरही सर्वांसाठी एकत्रितपणे ठरवून घ्यावेत. शंभर पेढ्यांचे गिऱ्हाईक गमावणे कोणत्याही कंपनीला परवडणार नाही. घरातील तरुण मुले आणि सुना या विषयात आपल्यापेक्षा अधिक जाणकार असतात. समितीत त्यांना आवर्जून स्थान द्यावे. आणि जे काम समितीवाचूनही करता येते ते प्रत्येकाने याच आठवड्यात करावे. आपल्या पेढीच्या बिलावर, पाटीवर आणि गिऱ्हाइकांच्या फोनमध्ये कोणकोणते क्रमांक आहेत, याची यादी काढून त्यापुढे ते कोणाच्या नावावर आहेत, हे लिहावे. ती यादी वाचून झाल्यावर बहुतेकांना पुढे काय करावयाचे, हे वेगळे सांगावे लागणार नाही.